भिंतीपलीकडची हेमा

ठाकुर्लीच्या घरात राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस माझी समजूत अशी होती, की शेजारी दोन बायका राहतात आणि दोघींना बोलल्यावाचून करमत नाही. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही बिल्डरनं हात राखून बांधलेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवी झाले की पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"चहा घेतेस?"

"नको गं, मघाशीच झाला."

"पंखा बारीक करू?"

"कर थोडा. गार लागतंय."

विचारणारा आवाज भरदार, कोकणी हेलाचा. उत्तर देणारा बारीक, जरासा नाकातला. लहान मुलीचा म्हणावा, तर शब्द मोठ्या बाईचे. मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, आपल्या पदरचं त्यात काही घालायचं नाही, यातच माझी नोकरी झाली. त्यामुळे असेल, पण एक गोष्ट मला खटकायला लागली. दोन माणसं बोलत असली की कुठं ना कुठं एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याचं बोलणं चढतंच. या दोघींचं कधीच चढत नव्हतं. एक आवाज पुरता थांबला की मगच दुसरा सुरू व्हायचा, आणि दोन्ही खोलीतल्या एकाच जागेवरून यायचे.

एकदा वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. दार उघडलं ते आक्कांनी. सत्तरीच्या, उंच, नऊवारी नेसलेल्या. "या या, आमच्या शेजारीण ना तुम्ही," म्हणत आत घेऊन गेल्या. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत चाळिशीकडे झुकलेली एक बाई बसली होती. ही त्यांची मुलगी, हेमा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हात, पाय आणि जीभ तिच्या ताब्यात नव्हती. बुद्धीला काही झालेलं नव्हतं.

"कशी आहेस हेमा?" मी विचारलं.

हेमाची मान हलली, ओठ वाकडे झाले, घशात काहीतरी सुरू झालं. ते बाहेर पडायच्या आतच आवाज आला, बारीक, नाकातला: "मी बरी आहे. तुम्ही कोर्टात असता ना? आक्का सांगत होती मला."

हलले ते आक्कांचे ओठ. आक्का हेमाकडे बघत होत्या, तोंडभर माया होती. हेमा आक्कांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, पापणी न लववता. मी वाटी तिथंच ठेवून काहीतरी कारण सांगून घरी आले.

पुढं सवय झाली. सगळ्या बिल्डिंगलाच झाली होती. सेक्रेटरी मीटिंगमध्ये सरळ सांगायचे, "हेमाताई मला काल बोलल्या, पाण्याला प्रेशर नाही." हेमाताई काही बोललेल्या नाहीत हे त्यांच्या गावीही नसायचं. एकदा हेमाला बरं नव्हतं म्हणून डॉक्टर घरी आले. त्यांनी पोट दाबून विचारलं, दुखतं का? आक्का त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "इथं नाही, जरा खाली," आणि कळ आल्यासारखं तोंड वाकडं केलं. हेमाचा चेहरा होता तसाच होता. पोटाचं औषध चालू झालं. दोन दिवसांनी गाल सुजला तेव्हा कळलं, दुखत होती ती दाढ.

आक्का दुष्ट असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दुष्ट नव्हत्या. नवरा लवकर गेला, मुलगा विलास संसाराला लागून कोलशेतला गेला, आणि या बाईनं एवढी मोठी मुलगी उचलून न्हाऊ घातली, भरवली, तिच्या अंगावर एक फोड येऊ दिला नाही. मी एकदा हिय्या करून विचारलं, "आक्का, तिला स्वतःला बोलू दिलं तर?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो ताई, तिचं बोलणं कोणाला कळतंय? लोक हसतात. मला कळतं ना. तिच्या मनात येतं ते आधी माझ्या तोंडात येतं." त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, दोन्ही एकदमच.

एका दुपारी भिंतीपलीकडून दोन्ही आवाज आले नाहीत. मी नुकतीच निवृत्त झाले होते, घरीच होते. बऱ्याच वेळानं आला तो तिसराच आवाज. जाड, खोल, ओढल्यासारखा, माणसाचा की जनावराचा कळू नये असा. शेजारधर्म म्हणून त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी धावत गेले. आक्का पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या आणि बसल्या जागी भिंतीला टेकून गेल्या होत्या. आणि तो आवाज हेमाचा होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकत होते.

विलास आणि त्याची बायको सुनंदा दिवसकार्यासाठी येऊन राहिले. दुपारी दोघं कामाला बाहेर पडली की हेमाजवळ कामवाली मंगल थांबायची. तिसऱ्याच दिवशी मंगल माझ्या दारात उभी राहिली. "ताई, मी न्हाय जात त्या घरात. मी मोरीत भांडी घासत असते नि आत पुरुष बोलतो." खालच्या वॉचमननंही ऐकलं होतं. आक्कांना शांती नाही, घरात काहीतरी शिरलंय, असं जिन्यात कुजबुजणं सुरू झालं. मला असल्या गोष्टींची चीड आहे. तरी खरं सांगते, किल्ली लावायच्या आधी मी दाराला कान लावला.

हेमा खुर्चीत होती, तोंड आक्कांच्या रिकाम्या पाटाकडे. तिची डावी मूठ घट्ट आवळलेली होती आणि ती बोलत होती. एक शब्द घ्यायची, तोंडात फिरवायची, टाकायची, पुन्हा घ्यायची. अनेक वर्षं न वापरलेलं दार उघडावं तसं ते बोलणं कुरकुरत होतं. मला बघून थांबली नाही. मी समोर बसले. मला काही कळेना आणि मी, सवयीनं, गप्प राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मूठ उघडली. मला उलगडलं ते इतकंच: मूठ मिटलेली आहे तोवर तिचं संपलेलं नाही. 

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. सुरुवातीला दहातला एखादा शब्द कळायचा, मग निम्मे कळू लागले. नवीन साक्षीदाराची बोली कानात बसायला लागतो तेवढाच वेळ. हेमा मोठी मिस्किल निघाली. मधे कुणी बोललं की ती सगळं पहिल्यापासून सुरू करायची, अगदी मुद्दाम. मी एकदा घाईनं तिचं वाक्य पुरं केलं, तर म्हणाली, "तुमचं... झालं? आता... माझं."

शाळेची गोष्ट तिनंच सांगितली. लहानपणी तिला डोंबिवलीच्या एका शाळेत घातलं होतं. शेजारी बाकावर आक्का बसायच्या आणि बाईंनी हेमाला प्रश्न विचारला की बारीक आवाजात उत्तर द्यायच्या. मराठी चांगलं जायचं, इतिहास चांगला जायचा. गणितात आक्का कच्च्या. चौथीत शाळेनं सांगितलं, हिला झेपत नाही, घरीच ठेवा. 

"गणितं... आक्काची... चुकायची," हेमा म्हणाली. "नापास... मी." 

आणि हसली. तिचं हसणंही जाडच होतं, जिन्यात गेलं असणार. उत्तरं तिला येत होती का, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दहाव्या दिवशी विलास आणि भावकीतले चार लोक पिंडदानाला कल्याणच्या खाडीवर गेले. हेमाजवळ मी होते. ऊन चांगलंच वर आलं तेव्हा विलासचा फोन आला. "ताई, कावळा शिवत नाहीये. सगळं बोलून झालं. देवांचं करीन बोललो, घर विकणार नाही बोललो. एक पण खाली उतरत नाही. हेमाला घेऊन येता का रिक्षानं? आक्काचा जीव तिच्यातच अडकलाय."

आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते. पिंडावरचा दहीभात सुकत आला होता. पिंपळावर कावळे मोजता येणार नाहीत इतके बसले होते, आणि सगळ्यांची तोंडं पिंडाकडे. एकही ओरडत नव्हता. खाडीचं पाणीसुद्धा हलत नव्हतं. विलासनं हेमाची खुर्ची पिंडासमोर आणून ठेवली आणि हात जोडून बाजूला झाला.

हेमानं मूठ आवळली. मग तो आवाज आला. विलासनं तो कधी ऐकलेला नव्हता, भावकीनं तर नाहीच. दोघं-तिघं नकळत मागं सरकले. मलाही "आक्का" एवढंच कळलं, कारण ती आदल्या दिवसांपेक्षा किती तरी जोरानं बोलत होती आणि शब्द एकमेकांत घुसत होते. ती बोलत असतानाच एक कावळा झाडावरून उतरला, चालत पिंडापर्यंत आला, चोच घातली, मोठा घास उचलला आणि उडून गेला. "शिवला, शिवला," करत सगळे रडू लागले. 

आणि तेवढ्यात मला आक्कांचा तो बारीक आवाज ऐकू आला.

"आक्का, मी दादाकडे राहीन. तू काळजी करू नकोस. सुखानं जा."

विलास बोलत होता. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून तो नाकातला, लहान मुलीसारखा आवाज. तो आवाज आक्कांबरोबर जळून गेला असेल असं मी धरून चालले होते. हेमाची मूठ अजून मिटलेलीच होती.

नंतर मी विलासला म्हणाले, "अरे, तिला विचार तरी. तिला तुझ्याकडे यायचंय का?"

"ताई, तुमच्यासमोर तर झालं. आक्काला शब्द दिला, कावळ्यानं घेतला. आता त्याच्यावर मी काय बोलणार? आणि हिला एकटीला ठेवली न् काही झालं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

तो वाईट नव्हता. कायदा मला तोंडपाठ होता; सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध कुठं नेता येत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं नम्रपणे मान हलवली आणि तेराव्यानंतर हेमाला गाडीत घालून कोलशेतला नेलं. गाडी वळेपर्यंत हेमा माझ्याकडे बघत होती.

काही महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. उंच टॉवर, लिफ्टमध्ये फिनेलचा वास, वर गेलं की खिडकीतून खाडी आणि आकाश, माणूस एकही दिसत नाही. मी बेल वाजवणार तेवढ्यात दाराआडून ऐकू आलं, "मला एवढा भात नको गं." मी दोन पावलं मागं आले. दार उघडल्यावर कळलं, सुनंदा बोलत होती. तीही शिकली होती. मी हेमाला चहाचं विचारू लागले तर विलासची सहा वर्षांची ईशा हेमाच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि हुबेहूब आक्कांच्या ढंगात म्हणाली, "मला चहा नको, मला झोप आलीये." सुनंदा कौतुकानं हसली. "आत्याचं तिला बरोबर कळतं."

तीन माणसांच्या तोंडून हेमा दिवसभर बोलत होती आणि स्वतः हेमा गप्प होती. ते घर मला सहन होईना. सगळे आत गेले तेव्हा मी तिच्या कानाशी विचारलं, "बोलत का नाहीस?"

ती कितीतरी वेळ जुळवत राहिली. "जागा... नाही." मग मूठ मिटलेलीच ठेवून पुढचं जुळवू लागली. आतून पावलं वाजली. ती घाईनं म्हणाली, "वर्षश्राद्ध. गुरुजी... तेच... बोलवा."

मला त्यातलं काही उमजलं नाही, पण निघताना मी सुनंदाला निरोप दिला, वर्षश्राद्धाला गुरुजी तेच सांगा, आक्कांचं सगळं त्यांनाच माहिती. तिला ते पटलं.

वर्षश्राद्ध कोलशेतच्या घराच्या हॉलमध्ये झालं. पान वाढून झालं, गुरुजी दक्षिणा घेऊन उठायच्या बेतात होते, तेव्हा हेमाच्या घशातून आवाज निघाला. विलासनं लगेच त्या बारीक आवाजात सुरू केलं, "गुरुजी, मी तुम्हाला नम..." हेमानं डावी मूठ वर उचलली. मी म्हणाले, "थांब विलास. ती मूठ उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही." कोर्टात कधी चढवला नाही असा आवाज मी त्या दिवशी चढवला.

एकेक शब्द यायला लागला.

"गुरुजी. घाटावर. आधी... कोण... बोललं?"

गुरुजी वयस्कर, धीमे माणूस. त्यांनी डोळे मिटून आठवलं. "आधी ह्या बाई बोलल्या," ते म्हणाले. "त्या बोलत असताना कावळा शिवला. विलासराव, तुम्ही बोललात तेव्हा तो घास घेऊन गेला होता."

सुनंदानं हातातलं खिरीचं पातेलं खाली ठेवलं. विलासचा चेहरा उतरला. हेमाकडे वळून त्यानं विचारलं, "मग तू काय बोललेलीस?"

त्या घरात हेमाला विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच कुणी मधे न झेलता तिच्यापर्यंत पोचला. ईशा तोंड उघडायला लागली तर सुनंदानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आक्का," हेमा म्हणाली. "मी... माझ्या घरी... एकटी राहीन. तू... आता... जा."

आणि मूठ उघडली.

विलास रडला. त्याला काय काय दिसलं असेल त्याचं मला नवल वाटत नाही. आक्कांनी घेतलेला शब्द एक आणि आपण पाळला दुसराच, वर्षभर. त्या वर्षात ईशाला दोनदा न्यूमोनिया झाला होता, त्याची नोकरी डळमळली होती. त्या सगळ्याचा अर्थ त्याला त्या क्षणी लागला. कायद्याला त्यानं मान हलवली होती. मेलेल्या आईला तो घाबरला. हेमाला हे वर्षापूर्वीच कळलं होतं आणि तिनं वर्षभर तोंड मिटून वाट पाहिली होती. तिच्याबद्दल मला आदर वाटला आणि थोडी भीतीही वाटली, ती अजून गेलेली नाही.

महिन्याभरात हेमा ठाकुर्लीला परत आली. नवऱ्यामागं आक्कांना मिळायची ती पेन्शन तिच्या नावावर झाली, दिवसरात्रीची एक बाई मिळाली, सविता नावाची. विलास रविवारी येतो. मूठ मिटलेली असली की दारातच उभा राहतो. हेमा बाहेरून दहावीला बसणार आहे आणि हट्टानं गणितापासून सुरुवात केली आहे. उत्तर लिहायला लेखनिक मिळतो, परीक्षा देणाऱ्यानं सांगितलं तेवढंच त्यानं लिहायचं असतं. हा नियम तिला एवढा आवडला की तिनं तो मला तीनदा वाचायला लावला. दुपारी भिंतीपलीकडून आता सविताचा प्रश्न येतो आणि मग लांबलचक शांतता. त्या शांततेत मी अजूनही श्वास रोखून धरते. कुणीतरी बारीक आवाजात मधेच बोलेल, असं वाटत राहतं. मग हेमा बोलते.

माझं ठाकुर्ली सोडून भाचीकडे जायचं ठरलं त्याच सुमारास निवडणूक आली. आम्ही तिघं हेमाला घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेलो. विलास मुद्दाम कोलशेतहून आला होता. याआधी दर निवडणुकीत आक्का तिच्याबरोबर पुठ्ठ्याआड जायच्या आणि बटण त्याच दाबायच्या. 

अधिकाऱ्यानं आमच्याकडे बघून विचारलं, "यांना मदत कोण करणार?"

विलासनं तोंड उघडलं आणि मिटलं. अधिकारी पुन्हा विचारणार होता, तोवर हेमानं एवढंच म्हटलं, "कोणी... नाही."

शाई लावून झाली. सविता तिला पुठ्ठ्यापर्यंत ढकलून परत आली. टेबलाखाली खुर्चीची चाकं आणि हेमाची एक थरथरती टाच, इतकंच दिसत होतं. आवाज होईना. रांगेतली माणसं चुळबुळली. अधिकारी अर्धा उठला, आत डोकावता येत नाही हे आठवून बसला. मागं फळ्यावरचा खडू घरंगळला. मग यंत्राचा तो लांब आवाज झाला आणि संपलाही. तरी हेमा बाहेर आली नाही. पुठ्ठ्याआड ती नुसती बसून राहिली होती, एकटी, आणि तिला आणायला जायची कुणाची छाती होईना. शेवटी तिनंच टाच आपटून सविताला बोलावलं.

फाटकाशी विलासनं वाकून विचारलं, "कोणाला दिलंस गं?"

हेमाच्या दोन्ही मुठी उघड्या होत्या. तिनं त्याच्याकडे शांतपणे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओठ मिटून घेतले. विलास उत्तराची वाट बघत राहिला. हेमा बोलली नाही, आणि तिच्याऐवजी बोलायला या खेपेस कुणालाच काही माहीत नव्हतं.